वर्दी देणारी तार

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या आठवणी ऐकायला मिळाव्यात, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र एक तार हा आहे. माणसाच्या केसाचे उभे हजार भाग करावेत आणि त्यांतला एक उचलावा, इतकी बारीक तार. शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज येथे आजी-आजोबा म्हणून उपस्थित आहेत. 'तार' हा शब्द कानी पडताच त्यांना पोस्टाची तार आठवेल. तारवाला दारात उभा राहिला की घरातल्यांच्या काळजात धस्स होत असे. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. ज्या तारेविषयी आज बोलायचे आहे तिचे कामही वर्दी देण्याचेच आहे. ती वर्दी आहे गंध नसलेल्या, रंग नसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वायूची.

हा विषय शाळेच्या समारंभात का, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर एका शाळेतच आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पूर्व भागात न्यू लंडन नावाचे छोटे गाव आहे. परिसरात खनिज तेल सापडल्याने त्या गावाची शाळा देशातील अत्यंत संपन्न शाळांपैकी एक समजली जात असे. इमारत नवी, भक्कम, पोलादी सांगाड्याची. वर्ग ऊबदार ठेवण्यासाठी नैसर्गिक वायूवर चालणारी उपकरणे बसवलेली होती. १९३७ सालाच्या आरंभी खर्चात बचत व्हावी म्हणून शाळेने वायूचा रीतसर पुरवठा बंद केला. तेलविहिरींच्या परिसरातून जाणाऱ्या आणि एरवी जाळून टाकल्या जाणाऱ्या शिल्लक वायूच्या नळाला जोड घेण्यात आली. त्या भागात असे अनेकजण करीत. कोठेतरी एक जोड गळू लागला आणि इमारतीखालच्या पोकळीत वायू साचत गेला. त्याला वास नव्हता, त्यामुळे कोणाला काही कळले नाही.

१८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटायला थोडाच अवकाश असताना, हस्तव्यवसायाच्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. त्या यंत्राची ठिणगी पुरेशी ठरली, असे मानले जाते. इमारत उचलली गेली आणि कोसळली. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक त्या दिवशी मरण पावले. शाळेत घडलेली इतकी भीषण दुर्घटना अमेरिकेच्या इतिहासात दुसरी नाही.

या घटनेची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. त्या आधीच्या काही दिवसांत शाळेतील मुले डोके दुखत असल्याची तक्रार करीत होती. त्या तक्रारींकडे कोणी विशेष लक्ष दिले नव्हते. ही गोष्ट येथे नोंदवून ठेवून पुढे जाऊ; भाषणाच्या शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

दुर्घटनेनंतर काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने नैसर्गिक वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळणे सक्तीचे केले. पुढे हीच रीत जगभर पसरली. आज स्वयंपाकघरातील सिलिंडर किंचित गळला तरी जो कुजका वास येतो, तो मूळ वायूचा नाही. तो मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा आहे, आणि ते मुद्दाम मिसळलेले असते. माणसाचे नाक त्या वासाला इतके तिखट आहे की अत्यल्प मात्राही त्याला पुरते. प्रत्येक गृहिणीच्या नाकाला जी वर्दी मिळते तिच्यामागे न्यू लंडनची ती तीनशे माणसे उभी आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता हायड्रोजनकडे वळू. जुन्या मराठी पुस्तकांत याला 'उद्जन' म्हणत. उदक म्हणजे पाणी, आणि पाण्याला जन्म देणारा तो उद्जन. लाव्हाझिएने ठेवलेल्या मूळ नावाचा अर्थही हाच आहे. हायड्रोजन जळतो तेव्हा धूर किंवा काजळी निर्माण होत नाही, पाण्याची वाफ होते. म्हणूनच उद्याचे इंधन म्हणून सारे जग त्याच्याकडे पाहत आहे. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत हरित हायड्रोजनवर चालणारी बस रस्त्यावर आली. आज बालवर्गात शिकणारी मुले नोकरी-व्यवसायाला लागतील तेव्हा हा वायू त्यांच्या रोजच्या जीवनात असण्याचा पुष्कळ संभव आहे.

गुणी असला तरी हा वायू स्वभावाने कडक आहे. स्वयंपाकाचा वायू हवेत साधारण २ ते ९ टक्के असतानाच पेट घेऊ शकतो. हायड्रोजनची मर्यादा ४ टक्क्यांपासून थेट ७५ टक्क्यांपर्यंत आहे. त्याला पेटायला लागणारी ठिणगी स्वयंपाकाच्या वायूला लागणाऱ्या ठिणगीच्या दशांशाहूनही दुबळी चालते. नायलॉनचे कपडे काढताना जी चटचट होते तीही त्याला पुरते. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. जपानमधील फुकुशिमा येथे मार्च २०११ मध्ये अणुभट्ट्यांच्या इमारतींची छपरे उडाली ती याच वायूमुळे. अतितप्त इंधनकांड्यांवरील झिर्कोनियमची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, वर साचला आणि पेटला.

मग सिलिंडरमधल्या वायूप्रमाणे यातही वास मिसळावा, हा विचार प्रथम मनात येतो. येथे दोन अडचणी आहेत. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या भागाइतका हलका. तो फटीतून निसटून झपाट्याने वर जातो आणि वासाचे जड द्रव्य मागे राहते. शिवाय ज्या इंधनघटांत हायड्रोजनपासून वीज तयार करतात त्यांना गंधकाचा अंशही सोसत नाही. तेव्हा जिथे माणसाचे नाक चालत नाही तिथे कृत्रिम नाक बसवणे भाग आहे. ते तत्पर हवे. हवेतील हायड्रोजन ४ टक्क्यांची मर्यादा गाठण्याच्या पुष्कळ आधी, १ टक्काही भरण्यापूर्वी त्याने इशारा द्यायला हवा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने अशा संवेदकासाठी ठेवलेली अपेक्षा एक सेकंदाच्या आत प्रतिसाद, आणि तोही दहा वर्षे न थकता, अशी आहे.

अशा नाकासाठी लागणारा धातू शास्त्रज्ञांना दीड शतकापूर्वीच सापडला होता. पॅलेडियम हा चांदीसारखा दिसणारा, प्लॅटिनमच्या कुळातील धातू आहे. १८६६ साली थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले की हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेपट हायड्रोजन पोटात घेऊ शकतो. कोरड्या स्पंजाने पाणी शोषावे तसे हे वाटते, परंतु आतली क्रिया निराळी आहे. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू जोडीने असतात. पॅलेडियमच्या पृष्ठभागावर येताच ही जोडी तुटते. सुटे झालेले अणू धातूच्या अणूंमधील रिकाम्या जागांत शिरून बसतात. हवेतला हायड्रोजन सरला की ते पुन्हा बाहेर येतात, जोडी जमवतात आणि निघून जातात. इतर बहुतेक वायूंना हा दरवाजा बंद आहे.

हायड्रोजन आत शिरला की पॅलेडियममध्ये दोन बदल होतात. पहिला बदल विजेच्या वाटेत होतो. आत शिरलेल्या अणूंची अडचण होऊन धातूचा विद्युत्‌रोध वाढतो, आणि हा बदल मोजता येतो. दुसरा बदल कोणत्याही मराठी घरात पावसाळ्यात पाहायला मिळतो. ओल शोषून लाकडी दार फुगते आणि चौकटीत घट्ट बसते, तसे हायड्रोजन शोषून पॅलेडियम फुगते. हायड्रोजनचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की त्याच्या अणूंची मांडणी एकदम ऐसपैस होते आणि एकूण आकारमान सुमारे दहा टक्क्यांनी वाढते.

धातू आहे, गुण आहे. मग उणे काय होते? वेळ. पॅलेडियमचा जाड तुकडा हायड्रोजन शोषतो खरा, परंतु सावकाश. खडीसाखरेचा मोठा खडा दुधात टाकला तर तो विरघळायला वेळ लागतो, तीच साखर दळून टाकली तर चमचा फिरेपर्यंत दिसेनाशी होते. पदार्थ तोच, पण त्याचे किती अंग बाहेर उघडे आहे यावर सारे अवलंबून असते. तार जितकी बारीक तितके तिचे अधिक अणू पृष्ठभागावर, आणि हायड्रोजनला आत जायचे अंतर तितके कमी. म्हणून तार नॅनोमीटरच्या मापाची हवी. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर भरते.

पण एवढी बारीक तार करायची कशी? सोनार जंत्रीतून तार ओढतो, ती युक्ती येथे निरुपयोगी. २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील रसायनशास्त्र विभागात रेजिनाल्ड पेनर, फ्रेडरिक फाव्हिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी वाट काढली ती ऐकून विज्ञानाच्या शिक्षकाला आनंद व्हावा. त्यांनी ग्रॅफाइटचा गुळगुळीत तुकडा घेतला. पेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाइट, आणि आज ज्याच्या नावाने हा महोत्सव आहे त्या हिऱ्याचे सख्खे भावंड. दोन्ही निखळ कार्बन. ग्रॅफाइट थराथरांचे असते. वरून ते सपाट दिसले तरी थर जिथे संपतो तिथे एखाद्या अणूच्या उंचीच्या पायऱ्या असतात. पॅलेडियमच्या क्षारांच्या द्रावणात ते बुडवून विजेचा प्रवाह सोडला, म्हणजे दागिन्यांवर मुलामा चढवतात तीच क्रिया केली, की पॅलेडियमचे कण सपाट जागा सोडून या पायऱ्यांच्या कडेला चिकटतात. कणाला कण लागून रांगोळीच्या रेषेसारखी तार तयार होते. आता या तारा वीजवाहक ग्रॅफाइटवरून उचलायच्या होत्या. त्यासाठी त्यांनी झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद वापरला. तुटलेली कपबशी जोडायला घरोघरी वापरतात, तोच हा गोंद. त्याचा थर वर दिला, वाळू दिला आणि अलगद सोलून काढला. तारा त्याच्याबरोबर आल्या.

या तारांवर हायड्रोजन सोडल्यावर जे दिसले ते नेहमीच्या उलट होते. पॅलेडियममध्ये हायड्रोजन शिरला की विद्युत्‌रोध वाढतो, हे जुने ज्ञान. येथे तो घटला, आणि तोही ७५ मिलिसेकंदांच्या आत. डोळ्याची पापणी लवण्यापूर्वी. सूक्ष्मदर्शकाने उलगडा केला. या तारा सलग राहिल्या नव्हत्या. हायड्रोजनने त्या पहिल्यांदा फुगल्या आणि नंतर आकसल्या तेव्हा ठिकठिकाणी अतिसूक्ष्म भेगा पडल्या होत्या. पुन्हा हायड्रोजन येताच पॅलेडियमचे कण फुगत, भेगा मिटत आणि विजेला वाट मिळे. हायड्रोजन गेला की भेगा उघडत आणि वाट बंद होई. ज्या संचातील प्रत्येक तारेत अशी भेग होती, तो संच हायड्रोजन नसताना वीज मुळीच वाहू देत नसे. म्हणजे हायड्रोजन स्वतःच्या हाताने दिव्याचे बटन दाबीत होता. तुटलेली तार कोणीही टाकून दिली असती. त्या तुटण्यातच संवेदकाचे रहस्य होते, कारण आकडा अपेक्षेविरुद्ध आला असता तो दुरुस्त न करता त्याचे कारण शोधले गेले. प्रयोगवहीत 'यायला हवे' ते उत्तर लिहिण्याची सवय ज्या वर्गात लागते, त्या वर्गाने हा प्रसंग भिंतीवर लावून ठेवावा.

या शोधालाही मर्यादा होती. हा संवेदक २ ते १० टक्के हायड्रोजन ओळखत असे. २ टक्क्यांखाली भेगा मिटण्याइतके फुगणे होतच नाही. चोर उंबरठ्यावर आल्यावर भुंकणारा कुत्रा राखण करतो खरा, पण कुंपणापाशी भुंकणारा अधिक बरा. म्हणून त्याच प्रयोगशाळेने पुढे भेग न पडणाऱ्या, सलग, अधिक बारीक तारा तयार केल्या आणि त्यांतील विद्युत्‌रोधाची वाढ मोजण्याचा मार्ग घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात पॅलेडियमच्या एकाच तारेने दशलक्ष भागांत दोन भाग इतका अल्प हायड्रोजनही ओळखला.

तरीही वाट पूर्ण सोपी झालेली नाही. प्रयोगशाळेतील शुद्ध वायूत चपळ असणारी तार साध्या हवेत मंद होते. हवेतील ऑक्सिजन पॅलेडियमच्या पृष्ठभागावर आधीच जागा अडवून बसतो. हायड्रोजन येतो तेव्हा प्रथम त्याच्याशी संयोग होऊन पाणी होते आणि आत शिरायला उशीर लागतो. कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाची संयुगे तर तारेचे नाकच चोंदवून टाकतात. यावरचा एक उपाय गाळणीचा आहे. तारेवर अशा सच्छिद्र पदार्थाचे आवरण द्यायचे की ज्याच्या छिद्रांतून लहानगा हायड्रोजन सहज जाईल आणि थोराड रेणू अडतील. कोरियातील संशोधकांनी पेनर यांच्या गटाबरोबर २०१७ साली असे आवरण दिलेल्या तारा तयार केल्या, आणि त्यांचा प्रतिसाद उघड्या तारांच्या मानाने कितीतरी पटींनी वेगवान ठरला. पॅलेडियममध्ये निकेल किंवा सोने मिसळून त्याचे एकाएकी फुगणे आवरायचे, हा दुसरा उपाय. दमट हवा, धूळ आणि उष्णता यांत वर्षानुवर्षे टिकणारा, सामान्यांना परवडणारा संवेदक करण्याचे काम अजून चालू आहे. या सभागृहात बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीने ते हाती घेतले तर हीरक महोत्सवाला त्याहून मोठी भेट नाही.

येथे पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. हायड्रोजन ही दूरच्या कारखान्यातली वस्तू नाही. ज्या घरी इन्व्हर्टर आहे आणि त्याला पाणी घालावे लागणारी शिसे-आम्लाची बॅटरी आहे, त्या घरी तो रोज थोडाथोडा तयार होतो. बॅटरी भरत आली की तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. पाण्याची पातळी वरचेवर उतरते ती यामुळेही. हवा खेळती असेल तर काही बिघडत नाही. पण पुष्कळ घरांत बॅटरी जिन्याखालच्या बंद कोनाड्यात किंवा दार लावलेल्या कपाटात ठेवलेली असते, आणि कधी शेजारीच देवघर असते. हलका वायू वर साचतो. खाली समई तेवत असते. बॅटरी मोकळ्या जागी ठेवावी, तिच्याजवळ ज्योत किंवा उदबत्ती नसावी आणि झाकणांची छिद्रे मोकळी असावीत. संवेदक बसवायचा झाला तर हेही लक्षात ठेवावे की स्वयंपाकाचा वायू हवेहून जड असल्याने त्याचा संवेदक जमिनीलगत हवा, आणि हायड्रोजनचा छतालगत. एवढे केले तरी आजच्या भाषणाचे चीज झाले असे म्हणता येईल.

आता न्यू लंडनच्या त्या मुलांकडे परत येऊ. त्या शाळेत संवेदक नव्हता, असे म्हणणे पूर्ण खरे नाही. मुलांची दुखणारी डोकी हाच संवेदक होता. तो बरोबर चालत होता आणि वर्दी देत होता. ती वर्दी वाचणारे कोणी नव्हते. मुलाने डोके दुखते म्हटले की मोठ्यांना अभ्यासाचा कंटाळा ऐकू येतो. पोट दुखते म्हटले की परीक्षेची भीती ऐकू येते. शंभरांतून नव्वद वेळा मोठ्यांचा अंदाज बरोबरही असेल. उरलेल्या दहा वेळांसाठी शाळा नावाची संस्था जागी असावी लागते. वर्गातील एक मूल तक्रार करते तेव्हा त्याची विचारपूस करावी. चार मुले तीच तक्रार करतात तेव्हा खिडक्या उघडाव्यात आणि तळघर तपासावे. आणि बचतीचा हिशेब मांडताना, ही बचत नेमकी कशातून होत आहे, हे एकदा विचारावे.

दशलक्षांत दोन कण ओळखणारी तार माणसाने घडवली, ही विज्ञानाची थोरवी आहे. मात्र तार घंटा वाजवण्याखेरीज काही करू शकत नाही. घंटा ऐकून उठायचे काम माणसाचेच राहते. साठ वर्षे या शाळेची घंटा मराठी मुलखापासून दूर, परक्या भाषांच्या गजबजाटात, नेमाने वाजत आली आहे आणि ती ऐकून मुले वर्गात आली आहेत. यापुढील वर्षांत मुलांनी वाजवलेली घंटा मोठ्यांना तितक्याच नेमाने ऐकू यावी, एवढीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.